दांडिया बाजारातलं मडक्यातलं दही

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका छोट्या डेअरीतून सहा महिने रोज पाव किलो दही आणतेय. म्हशीच्या दुधाचं, मडक्यात विरजलेलं. कवडी इतकी घट्ट की चमचा उभा राहतो, पाणी सुटत नाही. दुपारनंतर आंबट होतं, सकाळीच जा.

पण तिथली 'दही खा, आतड्याचा कॅन्सर टाळा' ही पाटी मला सहन होत नाही. माझे बाबा रोज दही खायचे, तरी त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाच. दह्यातले जीवाणू पोटाला चांगले, पण त्यांनी कॅन्सर टळतो हे सिद्ध झालेलं नाही. ज्वारीची भाकरी, मटकी, भाज्या यांचं पारडं जड आहे. त्यातला चोथा आतड्यातले जीवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं एक स्निग्धाम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींना मुख्यतः त्यातूनच ऊर्जा मिळते. आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी! पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, जिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) वेळेत सापडला तर तिथल्या तिथे काढता येतो. घरात आजार असल्याने मी 40 व्या वर्षीच करून घेतली.

मालकांना हे सगळं सांगितलं. पाटी अजून तशीच आहे.

दही मात्र उत्तम. कढीत उकळलं की जीवाणू मरतात, त्यापेक्षा ताक करून प्या.