ट्रान्सफॉर्मरमधला गॅस अन् ओलावा लांबून बघायचाय: हायड्रोजन सेन्सर घेऊ की मल्टीगॅस?

नाशिकच्या अंबडला आमच्या कंपनीत ३३ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर आहे, अन् सातपूर-सिन्नरकडचे मेंटेनन्सवाले मित्र सारखं विचारतात की ऑनलाइन मॉनिटर कोणता घ्यावा, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सिरिंजने ऑइल काढून लॅबला डीजीएला (ऑइलमध्ये विरघळलेले गॅस मोजायच्या तपासणीला) पाठवतो ते बंद करायचंच नाही. पण दोन सॅम्पलच्या मधल्या महिन्यांत काय झालं ते त्यात कळत नाही, अन् सॅम्पल नीट घेतलं नाही तर हायड्रोजन सगळ्यात आधी उडून जातो. आमच्याकडे एकदा अर्ध्या भरलेल्या प्लॅस्टिक बाटलीतनं सॅम्पल गेलं, रिपोर्ट एकदम छान आला, तेव्हापासून सॅम्पल काढताना मी स्वतः उभा राहतो.

स्वस्तातला मार्ग म्हणजे व्हॉल्व्हवर बसणारा हायड्रोजन-मॉइश्चर सेन्सर. बहुतेक फॉल्टमध्ये थोडाफार हायड्रोजन निघतोच, त्यामुळे आत काहीतरी बिघडतंय हे कळतं, पण नक्की काय ते नाही कळत. असिटिलीन म्हणजे आत आर्किंगची शंका, इथिलीन म्हणजे ऑइल जबरदस्त तापलंय, कार्बन मोनॉक्साइड वाढत चालला तर वाइंडिंगवरच्या इन्सुलेशनच्या कागदाकडे बघा, एवढं वेगळं करून हवं असेल तर मल्टीगॅसच लागतो. त्यात गॅस क्रोमॅटोग्राफीवाला लॅबसारखेच गॅस एकेक वेगळे करून मोजतो पण त्याला कॅरियर गॅसचा, बहुधा हेलियमचा, सिलिंडर लागतो आणि तो बदलायला माणूस लागतो. फोटोअकूस्टिकला सिलिंडर नाही, गॅसवर प्रकाश मारून होणारा आवाज माइकने ऐकतो, मात्र हायड्रोजन तसा पकडता येत नाही म्हणून त्याला वेगळा सेन्सर असतो.

ओलाव्यात सगळे फसतात. नुसता पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग पाणी) आकडा बघू नका, सोबत तापमान आणि सॅच्युरेशनचे टक्के, म्हणजे त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढं पाणी विरघळतं त्याच्या किती टक्के आहे ते, हवेतच. नव्या मिनरल ऑइलमध्ये २० अंशाला साधारण ५५ पीपीएम पाणी विरघळतं आणि ६० अंशाला त्याच्या चौपटीहून जास्त, म्हणजे तेच २० पीपीएम गरम ऑइलमध्ये ८-९ टक्के असतं आणि थंडीत लोड काढून ऑइल गार झालं की ३५ टक्क्यांच्या पुढं जातं. आपल्याकडच्या डिसेंबरात हे होणारच. शिवाय बहुतेक पाणी कागदातच बसलेलं असतं आणि ते हळूहळू आत-बाहेर करतं, त्यामुळे एका रीडिंगवर घाबरू नका, आठवडाभर स्थिर लोडवर बघा. पावसाळ्यात ब्रीदरचा (आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्याचा) सिलिका जेल बघणं हे तर सेन्सर असला तरी सुटत नाही.

माझं मत विचाराल तर ५-१० एमव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरला हायड्रोजन-मॉइश्चर पुरे, अलार्म आला की लगेच सिरिंजचं सॅम्पल. एकच मोठा ट्रान्सफॉर्मर आहे आणि तो गेला की सगळी लाइन बंद, किंवा डीजीएमध्ये आधीच इथिलीन चढतंय, तर फोटोअकूस्टिक घ्या. क्रोमॅटोग्राफी सर्व्हिसवाला जवळ असेल तरच.

डेटा आणायला सिमवाला मोडेम स्वस्त दिसतो, पण आमच्या यार्डात पत्र्याच्या शेडमागं रेंजच नव्हती, म्हणून आरएस-४८५ केबल ओढून मॉडबस प्रोटोकॉलवर स्काडाला (कंपनीच्या मॉनिटरिंग सिस्टिमला) जोडलं अन् एसएमएस फक्त अलार्मपुरता ठेवला. ऑर्डर द्यायच्या आधी मोबाइल घेऊन ट्रान्सफॉर्मरजवळ जाऊन रेंज बघून या.