गाण्यांचा डबा चांगला आहे, पण गीत कुणाचं ते सांगत नाही

गेल्या पाडव्याला माझ्या वडिलांसाठी, म्हणजे आमच्या अण्णांसाठी, मी आधीच गाणी भरून येणारा एक प्लेअर घेतला. जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, मराठी गाण्यांचा. सहा हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे खटकलं ते एका कंपनीपुरतं आहे असं मला वाटत नाही. आठ महिने रोज वापरून झालाय, म्हणून आता लिहितेय. आईवडिलांसाठी असं काही घ्यायच्या विचारात असाल तर उपयोग होईल.

आधी चांगलं सांगते. आवाज खणखणीत आहे. अण्णा ८१ वर्षांचे आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तरी त्यांना गाण्यातले शब्द कळतात. माझ्या दृष्टीने हीच पहिली परीक्षा. काही स्पीकर नुसते धडधडतात, शब्द आत कुठेतरी बुडून जातात. इथे गाणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. बटणं मोठी आहेत, आवाजाची गोल खुंटी बोटांनी नीट फिरवता येते, अण्णांच्या थरथरत्या हातालासुद्धा. चार्जिंग दोन-तीन दिवस पुरतं. रेडिओवर आमचं सांगली आकाशवाणी स्वच्छ लागतं. वजन बऱ्यापैकी आहे, पण टेबलावर ठेवायची वस्तू आहे, चालतं.

आता खटकलेलं. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता अण्णांनी विचारलं, "अगं, हे गीत कुणाचं?" पडद्यावर गाण्याचं नाव इंग्रजी अक्षरांत सरकत होतं, त्याच्यामागे गायकाचं. बस्स. सोबत गाण्यांच्या यादीची पुस्तिका येते ती काढली. गाणं, चित्रपट, गायक असे तीन रकाने. काही ठिकाणी संगीतकार दिलाय. गीतकार मात्र एकाही पानावर नाही. अण्णा पुस्तिका चाळत राहिले आणि मग काही न बोलता मिटून ठेवली.

हे इतकं का लागलं ते कळायला अण्णांची वही पाहायला हवी. ते माध्यमिक शाळेत मराठी शिकवायचे. आकाशवाणीवर "आपली आवड" लागलं की शेजारी पेन्सिल आणि आखलेली वही असायचीच. निवेदक म्हणायचे, गीत अमुक, संगीत अमुक, स्वर अमुक, आणि ही तीन नावं झाल्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. अण्णा ती तिन्ही नावं तीन रकान्यांत उतरवायचे. वहीची पानं आता पिवळी पडलीत, पहिला रकाना पेन्सिलीच्या शिशाने काळपट झालाय, कारण ते आधी गीतकार लिहायचे. आम्ही भावंडं हे ऐकतच मोठी झालो. गीतकार म्हणजे शब्द लिहिणारा, संगीतकार म्हणजे त्यांना चाल देणारा, आणि गायक तिसरा. कुणी समजावून सांगितलं नव्हतं, कानावर पडून पडून ठाऊक झालं.

वहीतल्या दोन ओळी इथे मांडते, कारण सगळा फरक त्यांतच आहे. दोन्ही गाणी पंडित भीमसेन जोशींची, दोन्ही विठ्ठलाच्या वाटेवरची, आणि या प्लेअरवर दोन्ही भक्तिगीतांच्या बटणाखाली पाठोपाठ लागतात. एक "तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल", दुसरं "इंद्रायणी काठी". ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच जुनी वाटतात. पुस्तिकेत तर दुसऱ्यासमोर चक्क "पारंपरिक" छापलंय.

आता वही. "तीर्थ विठ्ठल" : गीत संत नामदेव, संगीत राम फाटक. "इंद्रायणी काठी" : गीत ग. दि. माडगूळकर, संगीत पु. ल. देशपांडे, चित्रपट "गुळाचा गणपती", १९५३. म्हणजे पहिल्यात शब्द सातशे वर्षांपूर्वीचे आणि चाल विसाव्या शतकातली. दुसऱ्यात शब्द आणि चाल दोन्ही एका सिनेमासाठी केलेले. गदिमांनी अभंगाची लय अशी पकडली की लोकांनी ते गाणं संतांच्या पदरात घालून टाकलं. कवीला याहून मोठी दाद कोणती, असं कुणी म्हणेल. पण मग पहिल्या रकान्यातून त्यांचं नावच जातं, आणि ते मला पटत नाही. आमच्या अण्णांना तर मुळीच नाही. गदिमांचा जन्म शेटफळ्याचा, आमच्याच सांगली जिल्ह्यातला. त्यांच्या शब्दांसमोर "पारंपरिक" छापलेलं पाहून अण्णांचा चेहरा उतरला, तो मी पाहिलाय.

उलट संतांची सोय बघा. नामदेवांनी शेवटच्या कडव्यात "नामा म्हणे" गुंफलं, तुकोबांनी "तुका म्हणे". नाममुद्रा शब्दांतच विणलेली, त्यामुळे कुठलीही पुस्तिका छापा, कुठलंही यंत्र आणा, कवीचं नाव गाण्याबरोबरच चालत राहतं. चाल लावणाऱ्याला असं काही करता येत नाही. स्वरांत नाव कसं लिहिणार? "तीर्थ विठ्ठल"ची चालही परंपरेने आलीय असं समजणारे माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. त्यांनी राम फाटकांचं नावही ऐकलेलं नाही.

मी ग्राहक सेवेला फोन केला. मुलगी अगदी नम्र होती. मी म्हटलं, "गाण्याचे गीतकार कुठे दिसतील?" ती म्हणाली, "मॅडम, सिंगरचं नाव येतं ना स्क्रीनवर." मी म्हटलं, गाणारे नाहीत, लिहिणारे. त्यावर तिने विचारलं, "म्हणजे म्युझिक डायरेक्टर का?" दहा मिनिटं बोललो. तिचा दोष नव्हता, तिच्यासमोरच्या यादीत तो रकानाच नसेल तर ती सांगणार कुठून? तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला. पुढे काही झालं नाही.

मग माझा पुण्याचा भाचा म्हणाला, मावशी, मोबाइलवर अॅपमध्ये सगळं असतं. बघितलं. तिथे "साँगरायटर" असं एक घर असतं आणि त्यात दोन नावं स्वल्पविराम देऊन लिहिलेली. "श्रावणात घन निळा बरसला" उघडलं तर मंगेश पाडगावकर आणि श्रीनिवास खळे शेजारी शेजारी. कुणी काय केलं ते ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळणार. भाच्याच्या मैत्रिणीला वाटलं, दोघांनी मिळून गाणं लिहिलं.

हा घोळ त्या शब्दातच आहे, असं मला वाटतं. तिकडे बॉब डिलन स्वतः लिहितो, स्वतः चाल करतो, स्वतः गातो, म्हणून "साँगरायटर" हा एक शब्द पुरतो. आपल्याकडेही असे लोक आहेत. शाहिराचं कवन त्याचंच असतं आणि डफावर ते म्हणतोही तोच. वामनदादा कर्डकांनी लिहिलं आणि गावोगाव स्वतः गायलं. आताच्यांपैकी संदीप खरे. पण मराठी भावगीत आणि चित्रपटगीत वाढलं ते दोन माणसांच्या कामातून, म्हणून आपल्याकडे दोघांना दोन नावं आहेत. "श्रावणात घन निळा" कान देऊन ऐका. मंगेश पाडगावकरांच्या कवितेची कडवी एकाच साच्यातली आहेत. श्रीनिवास खळ्यांनी मात्र प्रत्येक अंतऱ्याला वेगळी चाल दिली. कागदावर सारख्याच दिसणाऱ्या ओळी गाण्यात दर वेळी नव्या वळणाने येतात. हे काम पाडगावकरांचं नाही, खळ्यांचं आहे. आणि ज्या प्रतिमांमुळे त्या वळणांना अर्थ आला त्या खळ्यांच्या नाहीत, पाडगावकरांच्या आहेत. एका घरात दोन नावं कोंबली की हे सांगायची जागाच उरत नाही.

कधी दोन्ही नावं एकाच माणसाची असतात, तेही वहीत लख्ख दिसतं. "जीवनात ही घडी" समोर अण्णांनी पहिल्या रकान्यात "यशवंत देव" लिहून दुसऱ्यात नुसत्या दोन रेघा मारल्यात, वरीलप्रमाणे म्हणतात तशा. "ऐरणीच्या देवा"समोर गीत जगदीश खेबुडकर, संगीत आनंदघन, स्वर लता मंगेशकर, आणि आनंदघन या नावाखाली बारीक अक्षरात "म्हणजे लताबाईच". पुस्तिकेतही "आनंदघन" आहे. पण ते कोण, हे नव्या माणसाला कोण सांगणार?

हा नुसता मानपानाचा प्रश्न आहे असं कुणाला वाटत असेल तर कायदाही बघा. आपल्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही वेगळी संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण हे तिसरंच. शब्दांचा आणि चालीचा हक्क त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गीतरामायणाचंच घ्या. गदिमा १९७७ साली गेले, सुधीर फडके २००२ साली. म्हणजे शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत, चालींचा २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्याचे दोन मालक, दोन मुदती. २०१२ च्या दुरुस्तीपासून तर गीतकार आणि संगीतकाराला त्यांचा रॉयल्टीचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. कायद्याला जे दोन दिसतात ते छापील पुस्तिकेत का दिसू नयेत?

गीतरामायणावरून आठवलं. प्लेअरवर ते फडक्यांच्या आवाजातलं आहे आणि त्यांच्याच नावाच्या बटणाखाली. ऐकायला अप्रतिम, त्याबद्दल तक्रार नाही. पण ५६ गीतं, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एकेक, आणि तेव्हा गाणारेही वेगवेगळे. "बाबूजींचं गीतरामायण", म्हणजे फडक्यांचं, असं कुणी म्हटलं की अण्णा शांतपणे "गदिमांचंही" एवढंच जोडतात.

शेवटी मी केलेला उपाय सांगते. प्लेअरला पेनड्राइव्ह लागतो. आमच्याकडच्या सीडींवरून ११२ गाणी उतरवली. नावं आधी देवनागरीत दिली तर पडद्यावर नुसते चौकोन आले. मग सुचलं की अण्णांनीच निवेदन करावं. दोन रविवार दुपारी दारं-खिडक्या लावून बसलो. मी मोबाइल धरायची आणि अण्णा वहीतून वाचायचे, "गीत, आरती प्रभू. संगीत, हृदयनाथ मंगेशकर. स्वर, आशा भोसले." अगदी निवेदकासारखा थांबून थांबून. वर्गात कविता वाचतानाचा त्यांचा आवाज मला इतक्या वर्षांनी परत ऐकायला मिळाला. एका गाण्याला संगीतकाराचा रकाना कोरा होता. ते म्हणाले, "हे आज नको, खात्री करून घेऊ," आणि "आठवणीतली गाणी" या संकेतस्थळावर सापडल्यावरच पुढच्या रविवारी म्हटलं. त्या संकेतस्थळावर गीत, संगीत, स्वर असे तिन्ही रकाने असतात, ते जरूर वापरा.

तर घ्यावा का? आईवडिलांना गाणी ऐकायची आहेत, बटण दाबलं की लागली पाहिजेत, एवढंच असेल तर नि:शंक घ्या. आवाजाला पाचपैकी पाच, वापरायला साडेचार. माहितीला मी एक देईन, तोही काही ठिकाणी संगीतकार आहेत म्हणून. आणि घरात कुणी "गीत कुणाचं?" विचारणारं असेल तर सोबत पेनड्राइव्हही घ्या. ३२ जीबीपर्यंतचाच घ्या, आमचा ६४ चा ओळखला नाही. निवेदनाची फाइल वेगळी ठेवू नका. मी आधी तशी ठेवली होती, तर एकदा चुकून शफलचं बटण दाबलं गेलं आणि अण्णांनी नाव घेतलं खेबुडकरांचं, लागलं मात्र पाडगावकरांचं. निवेदन आणि गाणं जोडून एकच फाइल करा.