झेडएक्सची मागची चाकं बांधून टाकली, त्याला आठ महिने झाले

गाडी आमच्या काकांची. निस्सान ३००झेडएक्स, १९९१ची, ट्विन टर्बो. इंग्लंडहून कायमचे परतले तेव्हा घरच्या सामानाबरोबर हीही आणली. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात दहाएक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. काका गेल्यावर काकूंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "चालव नाहीतर विकून टाक, पण उंदरांना बिऱ्हाड थाटू देऊ नकोस."

ती चालू कशी केली ही वेगळी रामकहाणी आहे. इथे फक्त मागच्या चाकांचं सांगतो, कारण बडोद्यात ही गाडी बघणारा प्रत्येक जण तेच विचारतो.

या गाडीत सुपर हायकास आहे, म्हणजे मागची चाकंही वळतात. लोकांना वाटतं, मग गल्लीत गर्रकन फिरत असेल. छे! फार फार तर १ अंश वळतात, तेही वेग घेतल्यावर. वळणात शिरताना क्षणभर उलट्या बाजूला आणि लगेच पुढच्या चाकांच्या बाजूला. पहिल्या हालचालीने नाक चटकन आत शिरतं, दुसरीने शेपूट सावरते. गल्लीत उपयोगी पडणारी तऱ्हा १९८७च्या होंडा प्रिल्यूडमध्ये होती. तिथे संगणक नाही, पुढून मागेपर्यंत लांब दांडा. स्टिअरिंग थोडं फिरवलं तर मागची चाकं त्याच दिशेला, पुष्कळ फिरवलं तर उलट. झेडएक्सचं सगळं तेलाच्या दाबावर. पॉवर स्टिअरिंगचा पंपच जोडपंप आहे. एक भाग पुढे तेल देतो, दुसरा गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळ्यांनी मागच्या रॅकला, म्हणजे मागची चाकं डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या भागाला.

त्या नळ्या आणि तो रॅक तीस वर्षांनी कसे असतील, याची कल्पना करा.

अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर लेन बदलली की मागची बाजू एक ठोका उशिरा यायची, दोरीने बांधून ओढत नेलेल्या गाडीसारखी. मग पुन्हा थोडं जास्तच यायची. मी आधी संगणकाला दोष दिला. हायकासचा कनेक्टर काढून महिनाभर तशीच चालवली. दाब गेला की रॅकमधल्या स्प्रिंगा चाकं मध्यावर आणून धरतात, म्हणजे खोड जायला हवी होती. गेली नाही. उलट पार्किंगमध्ये स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, कारण पुढच्या स्टिअरिंगचा हलकेपणाही तोच संगणकाचा डबा ठरवतो. हे मला माहीत नव्हतं. रावपुऱ्यात एका जागेत गाडी घालताना खांदा भरून आला, तेव्हा कळलं.

शेवटी गाडी वर उचलली. मागचं चाक डाव्या-उजव्या बाजूंनी दोन्ही हातांनी धरून हलवलं तर टक-टक. रॅकच्या टोकांवरचे आतले बॉल जॉइंट संपलेले, रबरी बुटांत तेल साठलेलं. म्हणजे संगणक बिचारा बरोबर सांगत होता, चाकं मात्र आपापल्या मर्जीने टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बदलत होती. डावं मागचं टायर आतल्या काठाला खाल्लं गेलं होतं, त्याचं कोडंही सुटलं. नवा रॅक इथे मिळणं शक्य नव्हतं. परदेशातून जुना मागवायचा तर तोही तिशीचाच, वर कस्टम भरायचं.

म्हणून रॅक काढून तिथे घट्ट दांडा बसवायचं ठरवलं. परदेशात तयार मिळतो; मी मकरपुरा जीआयडीसीत करून घेतला. मापासाठी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा साचा कापला, दांडा ईएन-८ पोलादाच्या एकाच तुकड्यातून काढायला सांगितला. जोड नको, वेल्डिंग तर नकोच. ही मागच्या चाकांची दिशा आहे, खिडकीची जाळी नव्हे. तरी पहिला दांडा चुकला. टोकं मूळ जागेपेक्षा ४ मिमी खाली आली. ४ मिमी म्हणजे काय मोठंसं, असं टर्नरचं म्हणणं. पण स्पीडब्रेकरवर मागचं दबलं की चाकं स्वतःहून किंचित वळायची आणि गाडी बाजूला हिसका द्यायची. दुसरा दांडा बरोबर बसला. दोन्ही मिळून, रॉड-एंड (टोकांचे धातूचे सांधे) आणि अलाइनमेंटसह, साडेअठरा हजार गेले. त्यातले सहा माझ्या पुठ्ठ्याच्या नावावर.

हे काम कोणी करणार असेल तर एक सांगतो. पंपाचं मागे जाणारं तोंड बूच मारून बंद करू नका. तेलाला वाट नाही मिळाली तर पंप बसतो. एक छोटी नळी वळवून ते तेल परत पॉवर स्टिअरिंगच्या टाकीत सोडायचं. संगणक जागेवरच ठेवला, नाहीतर पुन्हा खांदादुखी. डॅशबोर्डवरचा हायकासचा दिवा सतत लुकलुकायचा, त्याचा बल्ब काढला. हा जुगाड आहे, मान्य.

अलाइनमेंटवाल्याच्या मशीनमध्ये ही गाडीच नव्हती. पोरगा खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "साहेब, आ पाछळना व्हील पण वळे छे?" म्हटलं, वळत होती, आता नाही. मागे दोन्ही बाजूंना अगदी किंचित टो-इन ठेवून घेतलं.

आता आठ महिन्यांचं. एक्स्प्रेसवेवर गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते. लेन बदलली की मागचं पुढच्याबरोबर येतं, संपलं. टायर सारखं झिजतंय. स्टिअरिंगच्या टाकीत तेल टाकावं लागलेलं नाही. आधी महिन्याला पाव लिटर तरी जायचं. पावसाळ्यात हालोलच्या रस्त्याला ब्रेक मारताना जो जीव मुठीत असायचा, तो आता नसतो.

गेलं काय, तेही सांगायला हवं. पावागढच्या चढावर, माचीकडे जाताना, वळणात नाक जे आपणहून आत शिरायचं ते गेलं. आता स्टिअरिंग थोडं जास्त फिरवावं लागतं, आणि घाईत अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर मागचं सावरायला कोणी नाही. चांगल्या अवस्थेतलं हायकास मी कधी चालवलेलंच नाही, त्यामुळे ही तुलना लंगडी आहे. काका म्हणायचे, इंग्लंडमध्ये नवी असताना गाडी मनातलं ओळखायची. ते खोटं बोलत नसणार. कल्पना वाईट असती तर २०१३ साली पोर्शेने ९११ जीटी३ला मागची चाकं वळवायची सोय कशाला दिली असती? ती विजेवर चालते, तेलाच्या नळ्यांवर नाही, एवढाच फरक.

दुसरी कटकट आवाजाची. रबरी बुश सोडून रॉड-एंड घातले, ही माझी हौस. पाचव्या महिन्यात, पावसाच्या चिखलानंतर, उजव्या बाजूने कट-कट सुरू झाली. बेअरिंगच्या दुकानातून नवा आणला, वर रबरी टोपी चढवली, आवाज बंद. डावा अजून तग धरून आहे.

गाडीतल्या फेरफारांबद्दलच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा विचार करता फिटनेस आणि विम्याच्या वेळी प्रश्न उभा राहू शकतो, म्हणून काढलेला एकही भाग टाकलेला नाही. रॅक, नळ्या, व्हॉल्व्ह असं सगळं रद्दीवाल्याच्या काट्यावर साडेअकरा किलो भरलं. आंब्याच्या पेटीत घालून जिन्याखाली ठेवलंय. रॅकमधून अजून तेल पाझरतं. काकू दर रविवारी पेटीखालचा वर्तमानपत्राचा कागद बदलतात आणि दर रविवारी मला ऐकवतात.