सोनी आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर: लघुलहरींसाठी अजूनही घ्यावा असा संच

२००१ साली आलेल्या या रेडिओ संचाचं उत्पादन थांबलंय, पण वापरलेला चांगला मिळाला तर सोडू नका. त्याचं खरं बळ सिंक्रोनस डिटेक्शनमध्ये आहे. दूरच्या स्टेशनचा वाहक (आवाज वाहून आणणारी मूळ लहर) मध्येच क्षीण झाला की साध्या रेडिओत आवाज फाटतो; हा संच स्वतःचा वाहक तयार करून जोडतो आणि शब्द कळत राहतात. शेजारचं स्टेशन ५ किलोहर्ट्झ वरून घुसत असेल तर खालचा साइडबँड (वाहकाच्या दोन्ही बाजूंना तोच आवाज असतो, त्यातली खालची बाजू) निवडा, बहुतेकदा सुटका होते. सिग्नल फारच कमजोर असला तर मात्र लॉक, म्हणजे स्टेशनच्या वाहकाशी बसलेला मेळ, सुटतो.

ट्यूनिंगला फिरवायचं बटण नाही, हे मनापासून खटकतं. पट्टा चाळण्यातली मजाच जाते. फ्रिक्वेन्सी ठाऊक असेल तर आकडे थेट टाका.

७-८ मीटर वायर अँटेनाला चिमट्याने लावून खिडकीबाहेर सोडा. फार लांब वायरने जोरदार स्टेशनांची सरमिसळ होते. तेव्हा सिग्नलचा जोर कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर वापरा. रात्री साधारण १० मेगाहर्ट्झच्या खाली शोधा, दिवसा वर. अडॅप्टरची भुणभुण येत असेल तर ४ एए सेलवर चालवा. घेताना सेलच्या खाचेतला गंज आणि अँटेनाचा सांधा आधी तपासा.