१९७८ चा म्हणून गळ्यात मारलेला खबऱ्या

२३,३५० रुपये. १८,५०० खेळण्याचे, ६५० कुरिअरचे आणि ४,२०० ‘कस्टममधून सोडवायला’. हाती आला १९९७ सालचा साधा गॅरिंडन, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या एका खबऱ्याची बाहुली.

स्टार वॉर्सवाल्यांना हा माहीत असतोच: मॉस आयस्ली या चित्रपटातल्या शहराच्या गल्ल्यांतला काळा झगा, गॉगल, सोंड. नायक ल्यूक आणि त्याचा गुरू ओबी-वान यांचा माग काढून डॉकिंग बे ९४ या यानतळाची खबर देणारा. त्याची ती किरकिर म्हणजे हॉलिवूड नट जॉन वेनचा आवाज यंत्रातून पिळलेला. एवढं पाठ असूनही टोपी बसली, याचीच जास्त लाज वाटते.

जाहिरात होती ‘केनर, १९७८, दुर्मीळ’. केनर म्हणजे या बाहुल्या काढणारी कंपनी. तिच्या १९७८ च्या पहिल्या बारा बाहुल्यांत हा नव्हता. १९८५ पर्यंतच्या जुन्या मालिकेत केनरने तो काढलाच नाही. बरं, डबीवरच्या चिठ्ठीवर ठळक छापलेलं ‘गॅरिंडन’. चित्रपटात त्याला नावच नाही, श्रेयनामावलीतही नाही. ते नंतर चिकटलं. १९७८ च्या मालावर ते येईल कुठून? चिठ्ठी दहादा वाचली आणि दहाही वेळा नजर गेली ती ‘शेवटचा नग’ या शब्दांवर.

विक्रेत्याचे फोटो सगळे समोरून, अ‍ॅक्रिलिकच्या सीलबंद डबीतले. पायाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. जुन्या बहुतेक बाहुल्यांवर तिथे ‘जी.एम.एफ.जी.आय.’ (केनरच्या मालक कंपनीची आद्याक्षरं) आणि साल कोरलेलं असतं. पहिल्या बारांवर १९७७, विक्री १९७८ ची असली तरी. इथे सील फोडल्यावर दिसलं नव्वदीतलं साल. आणि सील फोडलं की परत घेणार नाही, ही अट! म्हणजे खोटेपणा बघायचा तर हक्क सोडायचा. यात कोणीही अडकला असता, फक्त हावरटच नव्हे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “बाहुलीला अठरा हजार?” मग हसणं. मग “विक्रेता दुसऱ्या राज्यातला, आमची हद्द नाही.” सायबर कक्षाने ठाण्याकडे परत धाडलं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. विक्रीच्या अ‍ॅपवाल्यांचं उत्तर: वस्तू ‘पोचली’, तक्रार बंद. चार ठिकाणी तोच अर्ज, त्याच झेरॉक्स, आणि प्रत्येक ठिकाणी बाहुली म्हणजे काय इथपासून सुरुवात. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याच्या बाकावर बसून तास घालवू नका. कस्टमचे पैसे कोणाच्या खासगी यूपीआयवर भरत नसतात, हेही आता कळलं. डबी उघडताना न थांबता व्हिडिओ घ्या.

विक्रेत्याचं खातं अजून चालू आहे. आता तिथे व्हिनाइल (प्लास्टिक) झग्याचा जावा, म्हणजे स्टार वॉर्समधल्या झगेवाल्या बुटक्याची बाहुली, विक्रीला लागलाय. तो १९७८ मध्ये खरंच निघाला होता, म्हणून जास्त धोक्याचा: ओबी-वानच्या बाहुलीचा व्हिनाइल झगा कापून जावाला चढवतात. झग्याच्या खालच्या कडेचा आणि बाह्यांच्या भोकांचा जवळून फोटो मागा, कात्री तिथेच फिरलेली असते.