मुक्या जनावरांसाठी पळायचंय: मुंबईचं चॅरिटी बिब की घराजवळची हाफ?

जानेवारीतला तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉन, पहाटे सीएसएमटीसमोरची गर्दी, सी लिंक, पेडर रोडवर ओरडणारे लोक, हे सगळं बघून दरवर्षी कुणीतरी म्हणतंच की पुढच्या वर्षी मी पण पळणार आणि भटक्या कुत्र्यांच्या संस्थेसाठी पैसे गोळा करणार. मस्त विचार आहे. फक्त त्यात दोन वेगळी कामं आहेत, एक पळणं आणि दुसरं मागणं, आणि बहुतेक जण तयारी फक्त पहिल्याची करतात. दुसरं काम कुठल्या रेसमध्ये जास्त सोपं जातं ते बघून ठरवा असं माझं सरळ मत आहे, म्हणून खाली तसंच तोलून बघितलंय.

मुंबईची बाजू आधी. 2004 पासून चालू असलेली रेस आहे, ऑफिसातल्या लिफ्टमनपासून सीएफओपर्यंत सगळ्यांना माहितीये, त्यामुळे मेसेजमध्ये 'टाटा मुंबई मॅरेथॉन' एवढं लिहिलं की अर्धं काम झालं, समोरच्याला समजावत बसावं लागत नाही. पैशाची यंत्रणाही तयार मिळते, युनायटेड वे मुंबई ही चॅरिटी पार्टनर आहे, त्यांच्याकडे नोंदलेल्या एनजीओंपैकी एक निवडायची, तुमचं पेज बनतं, लोक थेट तिथे भरतात, तुमच्या जीपेवर एक रुपया येत नाही आणि म्हणून कुणी संशय घेत नाही. आपल्याकडे याची किंमत फार मोठी आहे. पण संस्था त्या यादीतलीच घ्यावी लागते आणि यादीत शिक्षण, आरोग्य, कॅन्सर यांची गर्दी जास्त, प्राण्यांच्या संस्था मोजक्या. तुमच्या गावातली, तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याला टाके घालणारी छोटी संस्था तिथे सापडायची शक्यता कमीच.

चॅरिटी बिबबद्दलही नीट समजून घ्या (बिब म्हणजे छातीवर लावायचा रेसचा नंबर). नेहमीच्या एन्ट्री भरल्या की लोक संस्थेला मोठी रक्कम देऊन बिब घेतात. संस्थेला पैसे मिळाले, तुम्हाला जागा मिळाली, यात वाईट काही नाही, पण ही तुमची एकट्याची देणगी झाली, फंडरेझिंग नाही. ते करायचं असेल तर पेज उघडून पन्नास-शंभर लोकांना विचारावंच लागतं आणि ते बिबबरोबर आपोआप येत नाही. शिवाय बाहेरगावच्यांना बिब घ्यायला आधीच एक्स्पोला, म्हणजे रेसआधी बिब वाटतात त्या प्रदर्शनाला, जावं लागतं, म्हणजे कोल्हापूर-सोलापूरकडून येणाऱ्याला एक-दोन रात्री, दक्षिण मुंबईतलं हॉटेल, ट्रेनचं तिकीट. हा सगळा खर्च तुमच्या खिशातून, जमलेल्या पैशातून नाही, आणि पेजवर तसं स्पष्ट लिहा, कारण कोणीतरी काका विचारणारच की आमच्या पैशातून तू फिरून आलास का.

आता घराजवळची रेस. पुण्यात डिसेंबरातली पुणे इंटरनॅशनल आहे, 1983 पासूनची, साताऱ्याला पावसाळ्यात यवतेश्वर घाटातली हिल हाफ (एकवीस किलोमीटर) आहे, आणि आता जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याच्या गावी दहा-एकवीस किलोमीटरचं काहीतरी असतंच. इथे चॅरिटीची यंत्रणा बहुतेक तुमची तुम्हालाच उभी करावी लागते. पण संस्था तुम्ही निवडता, आणि मला विचाराल तर हा फायदा बाकी सगळ्यापेक्षा मोठा आहे. पुणेकर असाल तर रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट लोकांना माहितीये, 2007 पासूनचं काम आहे, अर्ध्या सोसायट्यांनी कधी ना कधी त्यांना फोन केलेला असतो. सांगलीकडचे असाल तर अ‍ॅनिमल राहत, उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांवर त्यांचं काम. तिकडे गळीत हंगामात ज्यांनी रस्त्यावर गुडघे टेकलेला बैल बघितलाय त्यांना मॅरेथॉन म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालतं, पैसे कशासाठी ते लगेच कळतं. मुंबईत आजारी, जखमी जनावरांसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, नाव काढलं की जुना मुंबईकर मान डोलावतो, त्यामागची एसपीसीए, म्हणजे प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची संस्था, 1874 सालची आहे.

पेज स्वतः बनवणार असाल तर क्राउडफंडिंग साइटवर पैसे देताना 'टिप' (साइट स्वतःसाठी मागते ती जादा रक्कम) आधीच टिक केलेली असते का ते बघा आणि देणाऱ्यांना सांगून ठेवा. त्यापेक्षा सरळ संस्थेच्या खात्याची लिंक द्या आणि मेसेजमध्ये तुमचं नाव लिहायला सांगा, हिशोब थोडा वेळ खातो पण पावती थेट संस्थेकडून जाते.

अंतराचं काय? फुलची, म्हणजे बेचाळीस किलोमीटरची, तयारी धरा सोळा ते वीस आठवडे, म्हणजे जानेवारीच्या रेससाठी गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं त्यातच आलं, रविवारी पंचवीस-तीस किलोमीटरचा लाँग रन, शनिवारी रात्री नऊला झोप. आणि नेमका दिवाळीच्या बोनसचा काळ हा मागण्याचा उत्तम काळ, तेव्हा तुम्ही पाय बर्फात घालून बसलेले. फुल पळणाऱ्याला जास्त पैसे मिळतात असं लोकांना वाटतं, मला नाही वाटत, पैसे देणाऱ्या आत्याला बेचाळीस आणि एकवीस यात फरक कळत नाही, तिच्यासाठी दोन्ही वेडेपणाच. पहिल्यांदाच पळत असाल तर हाफ किंवा दहा घ्या. आधी पळत असाल आणि फुल तुमचं जुनं स्वप्न असेल तर खुशाल पळा, फक्त ते स्वप्न तुमचं आहे, कुत्र्यांचं नाही, एवढं डोक्यात असू दे. मुंबईचीच ड्रीम रन सहा किलोमीटरच्या आसपास, टायमिंग वगैरे काही नाही, पण ऑफिसातले पंधरा जण मिळून उतरणार असतील तर एकट्या फुलवाल्यापेक्षा जास्त जमवतील, कारण पंधरा फोनमधले कॉन्टॅक्ट.

मुंबई असो की सातारा, एक प्रश्न येणारच: माणसांना खायला नाही आणि तुम्ही कुत्र्यांसाठी मागताय? यावर चिडू नका. पहाटे साडेचारला पळणाऱ्यांच्या मागे कुत्री लागतात हे तुमच्या रनिंग ग्रुपलाही माहितीये, त्यांच्याकडे तिथूनच सुरुवात करा. नसबंदी आणि रेबीजची लस एकत्र दिली, कानाला खूण केली आणि कुत्रं परत त्याच जागी सोडलं, हीच पद्धत 2023 च्या एबीसी नियमांतही (भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे सरकारी नियम) आहे, आणि लस पोचवायची असते साधारण सत्तर टक्के कुत्र्यांपर्यंत, तेव्हा रेबीजची साखळी तुटते. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने सरकारबरोबर हे गावोगाव केलं आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. म्हणजे पैसा कुत्र्यावर खर्च झाला तरी वाचतं माणसाचं पोरसुद्धा. हे सांगितलं की निम्मे तरी गप्प होतात, उरलेल्यांना सोडून द्या. संस्थेला विचारून एका नसबंदीचा खरा खर्च पेजवर टाका, 'प्राण्यांना मदत करा' पेक्षा 'एका कुत्रीचं ऑपरेशन एवढ्याला' हे लवकर पटतं.

लंडनला असलेल्या मराठी मंडळींचं गणित वेगळं. तिथे एप्रिलच्या मॅरेथॉनला बॅलटमध्ये नंबर लागणं म्हणजे लॉटरीच, चॅरिटीची जागा मिळते पण साधारण दोन हजार पाउंड किंवा जास्त जमवायचं कबूल करून. बॅटरसी, डॉग्ज ट्रस्ट अशा प्राण्यांच्या संस्थांसाठी लोक पळतात. यूकेत टॅक्स भरणाऱ्यांच्या देणगीवर संस्थेला सरकारकडून गिफ्ट एडचे पंचवीस टक्के वर मिळतात, ही सोय आपल्याकडे नाही.

आपल्याकडे आहे 80जी, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्समधली सूट, आणि त्याबद्दल अर्धवट माहिती देऊन लोकांना पैसे द्यायला लावू नका. सूट साधारण देणगीच्या पन्नास टक्क्यांवर, तीही मर्यादेत, आणि फक्त जुन्या टॅक्स रेजीममध्ये, नवी घेतलेल्याला शून्य. दोन हजारांच्या वर रोख दिली तर सूट नाही. संस्थेकडून 10बीई हे देणगीचं सर्टिफिकेट मिळायला हवं, ते देतात का हे आधीच विचारा, एकूण संस्था कागदपत्रांत किती नीट आहे याचाही अंदाज येतो. जानेवारीची रेस इथे सोयीची, लोक तेव्हा टॅक्सचे कागद काढूनच बसलेले असतात.

अमेरिकेतली मावशी शंभर डॉलर द्यायला तयार असेल तर आधी तिचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. अमेरिकन असेल, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलं तरी, ती परदेशी देणगी धरली जाते आणि संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी नसेल तर संस्थेला ती घेताच येत नाही. छोट्या संस्थांकडे ती बहुधा नसते, तेव्हा मावशीची लिंक वेगळी, आणि ती कुठली हे संस्थेच्या अकाउंटंटला विचारूनच पाठवा.