सायकल चांगली, स्टँड फालतू: खाडीकाठच्या सपाट वाटांवर काही महिने वापरल्यानंतर

डाव्या पॅडलचं बेअरिंग गेलं. दुरुस्ती वॉरंटीत बसवून घेण्यासाठी सर्व्हिस सेंटरशी जी हुज्जत घालावी लागली ती नुकतीच संपली आहे, त्यामुळे सूर थोडा चढा लागेल.

स्पेसिफिकेशन परत लिहीत बसत नाही, ती सगळ्यांना तोंडपाठ आहेत: हबच्या (मागच्या चाकाच्या मधल्या भागाच्या) आत सात गिअर, बंद चेनकव्हर, ताठ बसायचं हँडल, जाड टायर. माझा वापर म्हणजे मोटारी येत नाहीत अशा सपाट वाटा. समुद्राकडचा बांध, खाजणातली मातीची वाट, खारफुटीच्या कडेचा मुरमाड रस्ता. वेगाशी देणंघेणं नाही. थोडं गेलं की थांबायचं, दुर्बीण काढायची, पुन्हा निघायचं. म्हणजे माझ्यासाठी ही जितकी चालवायची वस्तू आहे तितकीच उभी करून ठेवायची. आणि ही सायकल उभी राहत नाही.

स्टँडचं टोक अंगठ्याएवढं. फरशीवर ते ठीक आहे. ओल्या गाळावर एवढ्याशा टोकावर भार आला की ते खाली जाणारच, त्यात नवल नाही. दुष्टपणा असा की ते लगेच जात नाही. लावताना सायकल खांबासारखी उभी वाटते, हलवून बघितली तरी घट्ट. आपण चार पावलं पुढे जातो, दुर्बीण डोळ्याला लावतो, उथळ पाण्यातल्या शेकाट्यांचे गुलाबी पाय नीट दिसायला लागतात, आणि तोवर मागे ते टोक सुताएवढं सुताएवढं खचत असतं. मग धप्प. शेकाट्या उडतात आणि टिटवी बोंब मारून सगळ्या पाणथळीला वर्दी देते.

स्टँड डावीकडे असल्यामुळे पडते तीही डावीकडेच. एका अर्थी बरं, कारण चेन आणि गिअरची केबल उजवीकडे असतात, ती वाचतात. मार बसतो डाव्या पॅडलला. दर वेळी खारा चिखल पॅडलच्या आसाशी जाऊन बसतो. आधी नुसती कुरकुर होती, मग पाय खाली नेताना खडे दळल्यासारखं जाणवायला लागलं. सेंटरचं म्हणणं, सायकल पाडल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही. मी म्हटलं, मी पाडली नाही, तुमच्या स्टँडने पाडली. त्यावर मला माहितीपुस्तिकेतलं बारीक अक्षरातलं वाक्य दाखवण्यात आलं: स्टँड फक्त कठीण व सपाट पृष्ठभागावर वापरावा. त्याच पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ही सायकल कुठे उभी आहे? लव्हाळ्यांत, पाण्याच्या काठाला, चिखलावर. मी तो फोटो मोठा करून पाहिला. स्टँड वर दुमडलेला आहे! ना भिंत, ना झाड, ना माणूस, आणि सायकल सरळ उभी. कुणीतरी धरून ठेवली असणार आणि फोटोतून नंतर पुसला असणार. म्हणजे काढणाऱ्यांनाही स्टँडची लायकी ठाऊक होती.

पॅडल शेवटी स्वतःच बदललं. छर्रे काढून ग्रीस भरता येईल असं साधं जुन्या पद्धतीचं घेतलं. स्वतः बदलणार असाल तर लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. नेहमीच्या सवयीने जोर लावाल तर आणखी आवळून बसेल.

स्टँडवर सध्याचा इलाज म्हणजे बरणीचं पत्र्याचं झाकण, त्याला भोक पाडून सुतळी ओवलेली. झाकण टोकाखाली टाकायचं, सुतळीचं दुसरं टोक हँडलला. निघताना सीटवर बसूनच ओढून घेता येतं, चिखलात वाकावं लागत नाही. पुढचं चाक घरंगळू नये म्हणून ब्रेकच्या दांडीवर जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी चढवते. दोन पायांचा जोडस्टँड वेगळा विकत मिळतो, तो घ्या असा सल्ला सेंटरने दिला. पण त्याची टोकं तेवढीच बारीक आहेत, म्हणजे एका खड्ड्याच्या जागी दोन. वर पैसेही माझेच.

आता चांगलं सांगते, कारण ते खरंच आहे.

सुरुवातीला माझं ठाम मत होतं की सपाट वाटेवर सात गिअर म्हणजे पैसे काढायची युक्ती. ते मत वाऱ्याने बदललं. मोकळ्या बांधावर आडोसा नसतो आणि चढाचं काम तिथे वारा करतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी १५ किमीने जाताय आणि समोरून ताशी २० किमी वारा आहे, तर अंगावर येणारी हवा ३५ ची. अडथळा पाच पटींहून जास्त. त्यात ताठ बसायचं हँडल, म्हणजे छाती हाच आडवा धरलेला फळा. अशा वेळी खालचे गिअर नसते तर मी सायकल ढकलत आणली असती. शिवाय हबमधले गिअर उभ्या उभ्या बदलता येतात. पक्षी दिसला म्हणून वरच्या गिअरमध्येच कचकन थांबलं, तरी निघताना पॅडल न मारता खालचा टाकता येतो. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या गिअरना हे जमत नाही.

वाऱ्याचं वेळापत्रक मात्र शिकून घ्यावं. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे पहिल्यांदा कामाला आले. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची आत शिरते. दुपारी जोर जास्त. रात्री उलट. म्हणून भल्या पहाटे, मतलई वारा अजून पाठीशी असताना समुद्राकडे जायचं, आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर आत परतायचं. उलटं केलंत तर दोन्ही वेळा तोंडावर वारा. बांध किनाऱ्याला समांतर असेल तर यातलं काही चालत नाही, वारा कुशीतून येतो आणि हँडल ओढत राहतो.

दुसरी गोष्ट बंद चेनकव्हर. दिसायला गबाळं, पण याच्यासाठी मी बरंच माफ करीन. मीठ फक्त लाटेबरोबर येत नाही, हवेतूनही येऊन बसतं, आणि आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. म्हणजे सायकल सावलीत, कोरडी ठेवली तरी रात्रभर तिच्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ लेप असतो. उघडे होते ते सगळे स्क्रू, घंटीचा पत्रा, आणि अर्थातच स्टँडची स्प्रिंग, तांबूस झाले. चेन मात्र आतमध्ये अजून काळी कुळकुळीत. फेरीनंतर गोड्या पाण्याची बादली आणि फडकं एवढं पुरतं. जोराचा फवारा मारू नका, तो सील ओलांडून बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतो. सीटचा दांडाही अधूनमधून उपसून ग्रीस लावा. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा असेल तर खाऱ्या ओलीत दोन धातूंची जोडी गंजून अशी काही चिकटते की नंतर हातोड्यालाही ऐकत नाही.

सीटबद्दल थोडक्यात: मऊ गादी काढून टाकली. सपाट वाटेवर उतार नसतो, त्यामुळे पॅडल मारणं थांबत नाही आणि बूड उचललं जात नाही, सगळा वेळ वजन एकाच जागी. मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि मग नको तिथे बधिरपणा येतो. थोडी कडक, मागे रुंद अशी लावल्यापासून तक्रार नाही.

राहता राहिलं पंक्चर. शिंपल्यांचा चुरा पसरलेल्या वाटेवर ते ठरलेलंच, आणि मागचं चाक काढणं म्हणजे चेनकव्हर, गिअरची केबल, ब्रेकचा हात, सगळं सोडवणं. ते काढूच नका. चाक जागेवर ठेवून टायरची एक बाजू रिमवरून उतरवा, हवा भरून फुसफुस कुठून येते ते शोधा, तेवढीच ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावा आणि आत ढकला. ट्यूबच बदलायची वेळ आली तर मात्र नट सोडवावे लागतात. त्यासाठी १५ मिमीचा पाना जवळ ठेवा, तोही लांब दांड्याचा. बरोबर मिळालेल्या चिमुकल्या पान्याला हे नट दाद देत नाहीत.